खाणीतले सिंह

स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ, नेर्व्हियोन नदीच्या खाडीकाठी बिल्बाओ हे शहर वसले आहे. या शहराच्या अ‍ॅथलेटिक क्लबने स्पॅनिश फुटबॉल लीग ८ वेळा आणि राजाचा चषक, म्हणजे 'कोपा देल रे', २४ वेळा जिंकला आहे. लीगच्या विजेतेपदांत रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि आत्लेतिको माद्रिद यांच्यापाठोपाठ त्याचा चौथा क्रमांक लागतो. चषकाच्या बाबतीत एकटा बार्सिलोना त्याच्या पुढे आहे. १९२९ मध्ये लीग सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले क्लब तीनच आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅथलेटिक.

पहिल्या दोघांनी जगभरातून नामांकित खेळाडू विकत आणले. अ‍ॅथलेटिकने मात्र शंभराहून अधिक वर्षे एक नियम पाळला आहे. त्याचा गणवेश घालणारा खेळाडू बास्क मुलखात जन्मलेला किंवा तिथल्या मैदानांवर घडलेला असला पाहिजे. बास्क मुलूख म्हणजे पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, दोन देशांत विभागलेले सात परंपरागत प्रांत. त्यांपैकी बिस्काय, गिपुस्कोआ, आलावा आणि नवार्रा हे चार स्पेनमध्ये आहेत आणि तीन फ्रान्समध्ये. सगळे मिळून लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास भरते. क्लबची युवा प्रशिक्षण व्यवस्था स्पॅनिशमध्ये 'कांतेरा' म्हणून ओळखली जाते. या शब्दाचा मूळ अर्थ दगडाची खाण. अ‍ॅथलेटिकची खाण एवढीच आहे आणि त्याचे विक्रम मोजायचे तर या खाणीच्या आकाराशी ताडून मोजावे लागतात.

लोखंडाच्या वाटेने आलेला खेळ

बिल्बाओत फुटबॉल आला तो खऱ्याखुऱ्या खाणींमुळे. बिस्काय प्रांतातल्या डोंगरांत उत्तम प्रतीचे लोहखनिज होते. त्यात फॉस्फरसचे प्रमाण कमी असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात पोलाद बनवण्याची जी नवी पद्धत निघाली, तिला ते नेमके सोयीचे होते. ब्रिटिश जहाजे बिल्बाओहून खनिज नेत आणि येताना कोळसा आणत. जहाजांबरोबर खलाशी आले, खाणी आणि रेल्वेसाठी अभियंते आले, गोदीसाठी कारागीर आले. कामातून सवड मिळाली की ही मंडळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळत. ती जागा पुढे 'इंग्रजांचे मैदान' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. आज तिच्या शेजारी गुगनहाइम संग्रहालय उभे आहे.

दुसरी वाट उलट दिशेची होती. बिल्बाओतल्या सधन घरांतली मुले शिकायला इंग्लंडात जात आणि परतताना हा खेळ घेऊन येत. मे १८९४ मध्ये लामियाकोच्या मैदानावर स्थानिक तरुणांनी ब्रिटिशांना सामन्याचे आव्हान दिले आणि सपाटून मार खाल्ला. चार वर्षांनी, १८९८ मध्ये, काही स्थानिक तरुणांनी क्लब काढला. १९०१ मध्ये गार्सिया नावाच्या कॅफेत बैठक होऊन त्याची रीतसर स्थापना झाली. नाव इंग्रजीच ठेवले गेले: अ‍ॅथलेटिक क्लब.

१९०२ मध्ये राजा तेराव्या आल्फोन्सोच्या राज्यारोहणानिमित्त माद्रिदला एक स्पर्धा भरली. तीत अ‍ॅथलेटिक आणि शहरातला दुसरा क्लब, बिल्बाओ फुटबॉल क्लब, यांचा 'बिस्काया' नावाचा संयुक्त संघ उतरला आणि अंतिम सामन्यात बार्सिलोनाला २-१ असे हरवून आला. तो चषक आजही अ‍ॅथलेटिकच्या संग्रहालयात आहे. स्पॅनिश महासंघ त्याला कोपा देल रेमध्ये धरत नाही. क्लब मात्र धरतो. म्हणून महासंघाच्या हिशेबात २४ चषक आहेत आणि बिल्बाओच्या हिशेबात २५.

पुढच्याच वर्षी दोन्ही क्लब एक झाले. १९०३ च्या अंतिम सामन्यात माद्रिद फुटबॉल क्लबविरुद्ध मध्यंतराला ०-२ असे मागे असूनही अ‍ॅथलेटिकने ३-२ असा विजय मिळवला. त्या विजयाने हुरळून गेलेल्या, माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी तिथे क्लबची शाखा उघडली. पुढे स्वतंत्र होऊन हीच शाखा आत्लेतिको माद्रिद बनली. म्हणजे लीगच्या विजेतेपदांत अ‍ॅथलेटिकच्या पुढे असलेल्या तीन क्लबांपैकी एक त्याचेच अपत्य आहे.

जिंकल्यावर स्पेनभर 'आलिरोन' असा जयघोष होतो. त्याची बिल्बाओतली आवडती व्युत्पत्तीही खाणीतलीच आहे. शुद्ध खनिजाचा थर लागला की इंग्रज मुकादम 'ऑल आयर्न' अशी खूण करत आणि मजुरांना जादा पैसे मिळत, त्यावरून हा शब्द आला, असे तिथे सांगतात. कोशकार मात्र त्याचे मूळ अरबीत शोधतात.

पट्टे, सिंह आणि पिचिची

क्लबचा पहिला गणवेश निळा-पांढरा होता, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखा. १९०९ च्या अखेरीस हुआन एलोर्दुई नावाच्या सभासदाकडे इंग्लंडहून नवे सदरे आणण्याची कामगिरी सोपवली होती. त्या रंगाचे पुरेसे सदरे त्याला मिळाले नाहीत. परतीचे जहाज साउदॅम्प्टन बंदरातून सुटायचे होते. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून त्याने तिथल्या स्थानिक क्लबचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे उचलले, अशी गोष्ट सांगतात. बिल्बाओ शहराच्या ध्वजाचे रंगही लाल आणि पांढरा हेच असल्यामुळे ते सगळ्यांना पसंत पडले. त्यातला वाटा माद्रिदच्या शाखेलाही गेला. आत्लेतिको माद्रिदचे पट्टे आजही लाल-पांढरे आहेत ते यामुळे.

२१ ऑगस्ट १९१३ रोजी सान मामेस मैदान सुरू झाले. त्याचे नाव शेजारच्या, संत मामेसच्या नावाने असलेल्या प्रार्थनास्थळावरून पडले. या ख्रिस्ती हुतात्म्याला सिंहांपुढे टाकले असता सिंहांनी त्याला शिवलेही नाही, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून अ‍ॅथलेटिकचे खेळाडू 'सिंह' झाले. मैदानाला लोक 'कॅथेड्रल' म्हणू लागले.

या मैदानावरचा पहिला गोल राफाएल मोरेनो आरांसादीने केला. लहानखुऱ्या चणीच्या या आघाडीच्या खेळाडूला सगळे 'पिचिची' म्हणत. प्रख्यात लेखक व तत्त्वचिंतक मिगेल दे उनामुनो हे त्याचे नातलग. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पॅनिश संघात पिचिची होता. दोनच वर्षांनी, वयाची तिशीही गाठण्याआधी, टायफसने त्याचा मृत्यू झाला. १९२६ मध्ये सान मामेसवर त्याचा अर्धपुतळा बसवला गेला. या मैदानावर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या संघाच्या कर्णधाराने सामन्याआधी त्या पुतळ्यापुढे फुले ठेवायची, हा रिवाज मैदान नवे झाल्यावरही पाळला जातो. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला 'मार्का' हे क्रीडा दैनिक दरवर्षी जे पारितोषिक देते, त्याचे नाव 'पिचिची'. मेस्सी आणि रोनाल्डो यांनी मिरवलेला हा किताब मुळात बिल्बाओच्या एका मुलाच्या टोपणनावाचा आहे.

नियम पडला कसा

भूमिपुत्रांचा नियम एखाद्या जाहीरनाम्यातून आलेला नाही. सुरुवातीच्या संघांत इंग्रज खेळाडू सर्रास असत. १९११ च्या चषक स्पर्धेत अ‍ॅथलेटिकने उतरवलेल्या इंग्रज खेळाडूंच्या पात्रतेवर इतर संघांनी आक्षेप घेतला आणि मोठा वाद झाला. त्यानंतर क्लबने परदेशी खेळाडू घेणे बंद केले आणि पाहता पाहता सोयीची प्रथा तत्त्व होऊन बसली. क्लबच्या घटनेत हा नियम आजही कलम म्हणून लिहिलेला नाही.

लिहिलेला नसल्यामुळे तो काळाबरोबर वाकलाही. आधी भर होता फक्त बिस्काय प्रांतावर. मग शेजारचे बास्क प्रांत आले. १९९६ मध्ये बिशेंत लिसारासूच्या रूपाने फ्रान्सच्या बाजूचा बास्क खेळाडू पहिल्यांदा आला. जन्म बाहेरचा, पण फुटबॉलचे शिक्षण बास्क क्लबात झालेले, असे खेळाडूही चालू लागले. फ्रान्समधल्या आजाँ शहरात जन्मलेला एमेरिक लापोर्त बायोन येथे घडला आणि २०१२ मध्ये अ‍ॅथलेटिककडून खेळू लागला. प्रशिक्षकांना मात्र ही अट कधीच नव्हती. इंग्रज, चेकोस्लोव्हाक, फ्रेंच, अर्जेंटिनी अशा नाना देशांच्या प्रशिक्षकांनी हा संघ घडवला.

नियमाच्या कडा किती बोचऱ्या असू शकतात, हे मिगेल जोन्सच्या उदाहरणावरून दिसते. त्याचा जन्म आफ्रिकेतल्या स्पॅनिश गिनीत झाला, पण लहानपणीच तो बिल्बाओला आला आणि तिथेच वाढला. १९५० च्या दशकात तो अ‍ॅथलेटिकबरोबर सरावही करत होता, तरी त्याला करारबद्ध केले गेले नाही. जन्म बाहेरचा, हे कारण पुढे केले गेले. वर्णाचाही त्यात भाग होता का, यावर बिल्बाओत पुढे बरीच चर्चा झाली. जोन्स आत्लेतिको माद्रिदकडे गेला आणि १९६२ च्या युरोपीय चषक विजेत्यांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात त्या क्लबसाठी गोल करून आला.

पेंटलंडची टोपी

अ‍ॅथलेटिकचा पहिला सुवर्णकाळ फ्रेड पेंटलंड या इंग्रज प्रशिक्षकाच्या नावावर आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला हा माणूस १९१४ मध्ये जर्मन ऑलिंपिक संघाला शिकवायला बर्लिनला गेला होता. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि रूलेबेनच्या छावणीत त्याला स्थानबद्ध व्हावे लागले. १९२२ मध्ये तो बिल्बाओत आला. उंच चेंडू मारायचा आणि मागे धावायचे, ही तेव्हाची रीत मोडून त्याने छोट्या पासांचा खेळ शिकवला.

तोंडात चिरूट आणि डोक्यावर काळी गोल बाउलर हॅट, हा त्याचा कायमचा अवतार. त्यावरून त्याचे नाव 'एल बोंबिन', म्हणजे 'गोल टोपीवाला', असे पडले. महत्त्वाचा सामना जिंकला की खेळाडू त्याच्या डोक्यावरची टोपी हिसकावत आणि तिच्यावर नाचून तिचा चेंदामेंदा करत. सामना संपत आला की टोपीचे आयुष्य आता काही मिनिटांचेच उरले, असे पेंटलंड स्वतःच बाकावर बसलेल्यांना सांगत असे. त्या वर्षांत त्याला टोप्या बऱ्याच लागल्या. १९३० ते १९३३ असा सलग चार वर्षे चषक बिल्बाओत आला. १९२९-३० ची लीग अ‍ॅथलेटिकने १८ सामन्यांत एकही न हरता जिंकली: १२ विजय, ६ बरोबरी. लीगच्या इतिहासात असा अपराजित हंगाम त्यानंतर एकदाच पाहायला मिळाला, १९३१-३२ मध्ये रेआल माद्रिदचा.

८ फेब्रुवारी १९३१ रोजी सान मामेसवर अ‍ॅथलेटिकने बार्सिलोनाचा १२-१ असा फडशा पाडला. त्यातले ७ गोल बाता या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आगुस्तिन साउतोचे होते. बार्सिलोनाच्या इतिहासातला हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव आहे. १९३०, १९३१, १९३४ आणि १९३६ अशी चार विजेतेपदे पहिल्या आठ हंगामांत मिळाली. म्हणजे यादवी युद्धापूर्वीची निम्मी लीग एकट्या अ‍ॅथलेटिकने जिंकली.

युद्धाने विस्कटलेला संघ

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि लीग तीन वर्षे थांबली. १९३७ मध्ये बास्क स्वायत्त सरकारने निधी आणि सहानुभूती मिळवण्यासाठी 'एउस्कादी' नावाचा संघ परदेश दौऱ्यावर पाठवला. त्यात अ‍ॅथलेटिकचे अनेक खेळाडू होते. या संघाचा पहिला सामना पॅरिसमध्ये झाला तो २६ एप्रिल १९३७ रोजी. त्याच दिवशी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव बेचिराख केले. जूनमध्ये बिल्बाओ बंडखोर जनरल फ्रँकोच्या फौजांच्या ताब्यात गेले. परतीची वाट बंद झाली, तसा संघ युरोपभर खेळत मेक्सिकोला पोहोचला आणि १९३८-३९ मध्ये तिथल्या लीगमध्ये उतरून दुसराही आला. बरेच खेळाडू लॅटिन अमेरिकेतच राहिले.

मागे बिल्बाओत क्लबला जवळजवळ नव्याने संघ उभारावा लागला. १९४१ मध्ये फ्रँकोच्या राजवटीने परकीय नावांवर बंदी घातली, तेव्हा 'अ‍ॅथलेटिक'चे 'आत्लेतिको दे बिल्बाओ' झाले. जुने नाव परत मिळायला १९७२ उजाडले. या काळात बास्क भाषा आणि ध्वज यांच्यावरही निर्बंध होते. चारचौघांत एकत्र येऊन आपलेपण दाखवण्याच्या ज्या मोजक्या जागा उरल्या, त्यांत सान मामेस होते. क्लब आणि समाज यांची गाठ घट्ट झाली ती या वर्षांत.

सारा

युद्धानंतरच्या पोरसवदा संघातून अ‍ॅथलेटिकच्या इतिहासातला सर्वांत मोठा गोलवीर निघाला: तेल्मो सारा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, जन्म बिल्बाओजवळच्या एरांदिओ परिसरातला, साल १९२१. इरिओन्दो, व्हेनान्सिओ, सारा, पानिसो आणि गाइन्सा या पाच नावांची आघाडीची फळी जुन्या बिल्बाओकरांना एका दमात म्हणता येते. डाव्या बगलेवरून गाइन्साने चेंडू टाकायचा आणि साराने डोक्याने तो जाळ्यात धाडायचा, हे दृश्य वर्षानुवर्षे दिसत राहिले.

साराने लीगमध्ये २५१ गोल केले. हा विक्रम जवळपास साठ वर्षे टिकला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो मोडायला लिओनेल मेस्सी यावा लागला. १९५०-५१ च्या हंगामात साराने ३० सामन्यांत ३८ गोल केले. हा आकडा मागे टाकायला क्रिस्तियानो रोनाल्डोला २०११ पर्यंत थांबावे लागले, आणि रोनाल्डोच्या काळात हंगाम ३८ सामन्यांचा झालेला होता. लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा मान साराने सहा वेळा मिळवला. १९५० च्या चषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅथलेटिकने व्हायादोलिदला ४-१ असे हरवले, तेव्हा चारही गोल साराचेच होते. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या विश्वचषकात माराकाना मैदानावर त्याच्या एकमेव गोलाने स्पेनने इंग्लंडला घरी पाठवले.

अकरा खेडूत

१९५५-५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाहून आलेल्या फर्दिनांद दाउचिकच्या हाताखाली अ‍ॅथलेटिकने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. त्यामुळे पुढच्या मोसमात क्लब पहिल्यांदा युरोपियन कपमध्ये उतरला. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती बुडापेस्टच्या होनव्हेदशी, म्हणजे पुश्काशच्या संघाशी. नोव्हेंबर १९५६ मध्ये हा संघ बिल्बाओत आला, तेव्हा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी नुकताच चिरडला होता. अ‍ॅथलेटिकने सान मामेसवरचा सामना ३-२ असा जिंकला. परतीचा सामना बुडापेस्टला होणे शक्यच नव्हते. तो ब्रसेल्समध्ये झाला आणि ३-३ असा सुटला. त्यानंतर पुश्काशसारखे खेळाडू मायदेशी परतलेच नाहीत. अ‍ॅथलेटिकची घोडदौड पुढच्या फेरीत मँचेस्टर युनायटेडने रोखली: बिल्बाओच्या चिखल-बर्फात अ‍ॅथलेटिकचा ५-३ असा विजय, मँचेस्टरमध्ये ०-३ असा पराभव.

१९५८ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात समोर रेआल माद्रिद होता. संघात दी स्तेफानो, खिशात नुकताच जिंकलेला युरोपियन कप आणि मैदानही त्यांचेच, बेर्नाबेउ. तटस्थ मैदानाची अ‍ॅथलेटिकची मागणी मान्य झाली नाही. आरिएता आणि मौरी यांनी पहिल्या अर्ध्या तासातच एकेक गोल केला आणि अ‍ॅथलेटिक २-० असा जिंकला. आसपासच्या गावांतून आलेल्या पोरांचा हा संघ तेव्हापासून 'अकरा खेडूत' या नावाने ओळखला जातो. बिल्बाओत हे नाव गौरवाने घेतात.

इरिबार आणि बंदी असलेला ध्वज

१९६० आणि ७० च्या दशकांत विजेतेपदे विरळ झाली. १९६९ आणि १९७३ चे चषक तेवढे हाती लागले. या काळाचा नायक गोलरक्षक होता. सारौत्सचा होसे आन्गेल इरिबार १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे खांबांमध्ये उभा राहिला. त्याचे ६१४ अधिकृत सामने हा क्लबचा विक्रम आजही अबाधित आहे. उंच, सडपातळ अंगलटीमुळे त्याला 'चोपो', म्हणजे पॉप्लरचे झाड, म्हणत.

फ्रँकोचा मृत्यू नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला, पण बास्क ध्वजावरची, म्हणजे 'इकुरिन्या'वरची, बंदी उठली नव्हती. ५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक या दोन बास्क क्लबांचा सामना होता. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीने घरी ध्वज शिवला आणि त्या खेळाडूने तो लपवून मैदानात आणला. दोन्ही संघांच्या खेळाडूंना विचारले गेले. सगळे तयार झाले. मग इरिबार आणि सोसिएदादचा कर्णधार इनाशिओ कोर्ताबारिया या दोघांनी ध्वजाची दोन टोके धरली आणि बाकीचे मागे चालू लागले. मैदानाच्या मधोमध ध्वज ठेवला गेला. पोलिसांनी हात लावला नाही. सामना सोसिएदादने ५-० असा जिंकला. सहा आठवड्यांनी, जानेवारी १९७७ मध्ये, इकुरिन्यावरची बंदी उठली.

खेळाच्या दृष्टीने तेच वर्ष चटका लावून गेले. यूएफा चषकाच्या दोन टप्प्यांच्या अंतिम फेरीत युव्हेंटसशी एकूण २-२ अशी बरोबरी झाली आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने चषक तुरिनला गेला. पाठोपाठ राजाच्या चषकाची अंतिम लढत बेतिसविरुद्ध पेनल्टींवर हातून निसटली. त्यांत इरिबारचीही एक पेनल्टी वाया गेली.

गाबारा

१९८१ मध्ये हावियेर क्लेमेन्ते प्रशिक्षक झाला. दुखापतीमुळे त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द लवकर संपली होती. त्याचा संघ कणखर आणि शिस्तबद्ध होता, अनेकांच्या मते गरजेपेक्षा जास्त दांडगा. १ मे १९८३ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, अ‍ॅथलेटिकने लास पाल्मासला त्यांच्याच मैदानावर ५-१ असे हरवले. त्याच वेळी रेआल माद्रिद व्हॅलेन्सियात ०-१ असा हरला आणि २७ वर्षांनी लीग बिल्बाओत आली.

विजयी संघाची मिरवणूक निघाली ती रस्त्यावरून नव्हे, नदीतून. खाडीत माल वाहणारा एक सपाट बार्ज, स्थानिक भाषेत 'गाबारा', सजवला गेला आणि चषकासह खेळाडू त्यावर उभे राहिले. दोन्ही काठांवर, पुलांवर, गोद्यांच्या यारींवर माणसेच माणसे होती. गोद्या आणि पोलाद कारखाने तेव्हा घरघर लागलेल्या अवस्थेत होते; बेकारी वाढत होती. त्याच ऑगस्टात महापुराने शहराचा जुना भाग बुडाला.

पुढच्या वर्षी लीग आणि चषक दोन्ही मिळाले. पण त्या हंगामावर एक डागही आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये बचावपटू आन्दोनी गोइकोएचेआच्या धसमुसळ्या धडकेने बार्सिलोनाच्या दिएगो माराडोनाचा घोटा मोडला. ५ मे १९८४ रोजी हेच दोन संघ चषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. एन्दिकाच्या एकमेव गोलाने अ‍ॅथलेटिक जिंकला आणि शिट्टी वाजताच राजाच्या डोळ्यांदेखत दोन्ही संघांत तुंबळ हाणामारी झाली. माराडोनाचा बार्सिलोनासाठी हा शेवटचा सामना ठरला. तो नापोलीला गेला. गाबारा पुन्हा एकदा नदीतून फिरला आणि मग धक्क्याला लागला.

चाळीस वर्षे

त्यानंतर लीग किंवा चषक यांपैकी काहीही जिंकायला अ‍ॅथलेटिकला चाळीस वर्षे लागली. १९९५ मधल्या बोस्मान निकालानंतर युरोपियन संघातल्या खेळाडूंना कुठेही खेळण्याची मुभा मिळाली. पैसेवाल्या क्लबांपुढे सगळे खंड मोकळे झाले. अ‍ॅथलेटिकची खाण होती तेवढीच राहिली. १९९८ मध्ये, शताब्दी वर्षात, संघ लीगमध्ये दुसरा आला. २००७ मध्ये मात्र शेवटच्या दिवशी लेव्हान्तेला हरवून तो जेमतेम तगला. नियम सैल करावा का, ही चर्चा अशा वेळी होतेच. शेजारच्या रेआल सोसिएदादने आपला तसाच नियम १९८९ मध्ये आयरिश आघाडीवीर जॉन अल्ड्रिजला घेऊन सोडला होता. अ‍ॅथलेटिकने सोडला नाही.

२०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्सेलो बिएल्साच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ असे नमवले आणि युरोपा लीगची अंतिम फेरी गाठली. तिथे आत्लेतिको माद्रिदने, म्हणजे आपल्याच जुन्या शाखेने, त्याला ३-० असे हरवले. २०१५ आणि २०२१ मध्ये बार्सिलोनाला हरवून स्पॅनिश सुपर कप मिळाला. पण १९८४ नंतर अ‍ॅथलेटिक राजाच्या चषकाचे सहा अंतिम सामने खेळला आणि सहाही हरला. त्यांतले दोन तर एप्रिल २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने झाले, कारण महामारीमुळे आदल्या वर्षीचा सामना लांबला होता.

कोंडी फुटली ती ६ एप्रिल २०२४ रोजी सेव्हियात. मायोर्काविरुद्ध आधी गोल खाल्ल्यावर ओइहान सान्सेतने बरोबरी साधली आणि जादा वेळेनंतर निकाल पेनल्टींवर गेला. युवा गोलरक्षक हुलेन आगिरेसाबालाने एक फटका अडवला, मायोर्काचा दुसरा फटका आडव्या दांडीवरून गेला आणि आलेक्स बेरेन्गेरने चौथी पेनल्टी मारून ४-२ असा शेवट केला. पाच दिवसांनी गाबारा पुन्हा नदीत उतरला. ज्यांनी तो १९८४ मध्ये पाहिला होता, ते आता नातवंडांचे हात धरून काठावर उभे होते.

या संघाचे दोन लाडके चेहरे म्हणजे विल्यम्स बंधू. त्यांचे आईवडील घानातून निघून सहारा वाळवंट पार करत, वाटेत पायीही चालत, स्पेनला पोहोचले होते. १९९४ मध्ये बिल्बाओत जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव त्यांनी मदतीला धावलेल्या एका बास्क पाद्र्यावरून इन्याकी ठेवले. धाकटा निको पाम्प्लोनात जन्मला. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ या काळात इन्याकी लीगचे सलग २५१ सामने खेळला. हा स्पेनमधला विक्रम आहे. जानेवारी २०२४ मध्ये घानाचा संघ आफ्रिकी चषकातून बाद होताच तो विमानाने परतला, बार्सिलोनाविरुद्धच्या चषक सामन्यात राखीव म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. त्या सामन्यात दोघेही भाऊ गोल करून गेले. जोन्सला जे दार बंद राहिले, ते अर्ध्या शतकानंतर पूर्ण उघडले होते.

खाणीचे अर्थशास्त्र

१९७१ पासून क्लबची कांतेरा बिल्बाओबाहेरच्या लेसामा गावात आहे. जुन्या सान मामेसच्या सज्जावरची १९५३ ची पोलादी कमान मैदान पाडल्यानंतर तिथेच नेऊन उभी केली गेली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या नव्या सान मामेसची क्षमता सुमारे ५३,००० आहे. क्लबचा मालक कुणी उद्योगपती नाही. १९९० च्या क्रीडा कायद्याने स्पेनच्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावे लागले; सुटले ते चार: रेआल माद्रिद, बार्सिलोना, ओसासुना आणि अ‍ॅथलेटिक. इथे अध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडला जातो.

बाजार आखूड असण्याचे परिणाम दुहेरी आहेत. अ‍ॅथलेटिकला खेळाडू हवा असेल तर पर्याय मोजकेच, हे शेजारच्या क्लबांना ठाऊक असते. त्यामुळे किंमत चढते. १९९५ मध्ये सोसिएदादचा सतरा वर्षांचा होसेबा एचेबेरिया घेतल्यावर दोन्ही क्लबांचे संबंध तुटले होते. छोट्या बास्क क्लबांची होतकरू मुले हा मोठा क्लब ओढून नेतो, ही तक्रारही जुनीच. उलट बाजूने, अ‍ॅथलेटिक आपला खेळाडू सहसा विकत नाही. घेणाऱ्याला करारातली पूर्ण रक्कम मोजावी लागते. म्हणूनच २०१२ मध्ये हावी मार्तिनेससाठी बायर्न म्युनिकने ४ कोटी, २०१८ मध्ये लापोर्तसाठी मँचेस्टर सिटीने ६.५ कोटी आणि गोलरक्षक केपासाठी चेल्सीने ८ कोटी युरो दिले.

या खाणीतला माल भारतातही पोहोचला आहे. बिल्बाओत जन्मलेला आणि अ‍ॅथलेटिकच्या युवा संघांत घडलेला इगोर आंगुलो २०२०-२१ मध्ये एफसी गोवाकडून १४ गोल करून इंडियन सुपर लीगचा गोल्डन बूट घेऊन गेला. पुढचा हंगाम तो मुंबई सिटीकडून खेळला.

महिला संघालाही हाच नियम आहे. त्यांनी स्पॅनिश लीग ५ वेळा जिंकली: २००३, २००४, २००५, २००७ आणि २०१६. जानेवारी २०१९ मध्ये आत्लेतिको माद्रिदविरुद्धचा त्यांचा सामना पाहायला सान मामेसवर ४८,१२१ प्रेक्षक आले होते. २०१५ पासून क्लब आपल्या वतीने एक पुरस्कार देतो. सारी कारकीर्द एकाच क्लबात घालवणाऱ्या, कुठल्याही देशाच्या खेळाडूला तो मिळतो. पहिला मानकरी होता साउदॅम्प्टनचा मॅट ल टिसिए. ज्या गावाहून पट्टे आले, त्याच गावी पहिला पुरस्कार गेला.

२०२४-२५ मध्ये संघ लीगमध्ये चौथा आला, युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि दशकानंतर चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला. जुलै २०२५ मध्ये, बड्या क्लबांची नजर असताना, निको विल्यम्सने २०३५ पर्यंतचा करार केला. क्लबचा जमेचा हिशेब असा आहे: ८ लीग, २४ चषक, ५ वेळा एकाच हंगामात दोन्ही, साराचे २५१ गोल, इरिबारचे ६१४ सामने. श्रेणीतून घसरण्याच्या रकान्यात १९२९ पासून शून्य आहे.